रात्री साडेनऊनंतरचा लॅपटॉप

या वेळचं पत्र इंग्लंडमधून आलंय. लिहिणारी जीपी आहे, म्हणजे तिकडची फॅमिली डॉक्टर, मिडलँड्समधल्या एका प्रॅक्टिसमध्ये (दवाखान्यात) पगारी, म्हणजे पार्टनर-मालक नव्हे, आठवड्याला सहा सेशन, एक सेशन साधारण अर्ध्या दिवसाचं. पत्र बरंच लांब होतं, कामापुरतं देते.

"ताई, कोविडमध्ये प्रॅक्टिसने मला लॅपटॉप दिला तेव्हा मी खूश झाले होते. मुलं ८ आणि ५ वर्षांची, आफ्टर स्कूल क्लब सहाला बंद होतो, त्यामुळे साडेपाचला निघायचं आणि उरलेलं काम घरून करायचं असं ठरलं. आता असं झालंय की मुलं झोपली की साडेनऊला मी किचनच्या टेबलावर बसते ती साडेअकराला उठते, ब्लड रिझल्ट्स, हॉस्पिटलची लेटर्स, रिपीट प्रिस्क्रिप्शन्स, आठवड्यातून चार रात्री तरी. नवरा म्हणतो ही माझी सवत आहे. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या बोलत काही नाहीत पण बघतात. डिसेंबरमध्ये नाशिकला बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मी तीन आठवडे जातेय, तर आमचे एक पार्टनर डॉक्टर सहज म्हणाले की लॅपटॉप घेऊन जा ना, रोज तासभर रिझल्ट्स बघितलेस तरी आम्हाला पुष्कळ. नेऊ का? की लॅपटॉप परतच करून टाकू? मीच कामाला हळू आहे का असंही वाटतं. आणि नाही म्हटलं तर पुढे पार्टनरशिपच्या वेळी लक्षात ठेवतील ही भीती आहेच."

डॉक्टर, आधी नाशिकचं बोलू कारण ते सोपं आहे. नेऊ नका.

तुमचे पार्टनर "सहज म्हणाले" आणि अडचण नेमकी तिथेच आहे, सहज म्हटलेल्याला परवानगी म्हणत नाहीत. तो लॅपटॉप बहुतेक करून तुमच्या भागातल्या आयसीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य मंडळाच्या, आयटीने दिलेला असतो, त्यातून तुम्ही एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पेशंट्सचं रेकॉर्ड उघडता, ते देशाबाहेरून उघडायचं तर आयटीची आणि प्रॅक्टिसची आधी लेखी परवानगी हवी, ती नसताना सिक्युरिटीवाल्यांनी तिकडून लॉगिनच अडवलं तर नाशिकच्या हॉस्पिटलच्या वाय-फायवर बसून इंग्लंडच्या हेल्पडेस्कला फोन लावत बसाल. दुसरी गोष्ट इन्डेम्निटीची, म्हणजे पेशंटने दावा लावला तर डॉक्टरला असलेल्या संरक्षणाची. एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमधल्या जीपींना एनएचएसच्या कामातल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी सरकारी कव्हर आहे हे तुम्हाला माहितीय, पण नाशिकमधून घेतलेल्या निर्णयाचं काय, हे ते कव्हर देणाऱ्यांना आणि तुमच्या डिफेन्स संस्थेला, म्हणजे डॉक्टरांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेला, दोघांनाही लेखी विचारायचं, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत उत्तर "नाही" असंच धरून चालायचं. पार्टनरना इतकंच म्हणा की आयटीकडून आणि इन्डेम्निटीवाल्यांकडून लेखी होकार आणून द्या मग बघू. मला खात्री आहे विषय तिथेच संपेल, कारण ते ईमेल लिहायचे कष्ट कोणी घेणार नाही.

शिवाय घड्याळ बघा. डिसेंबरात नाशिक तुमच्यापुढे साडेपाच तास असतं. तिकडे सकाळी नऊला प्रॅक्टिस रंगात येते तेव्हा नाशिकला अडीच वाजलेले, बाबांच्या फिजिओची वेळ. तिकडे संध्याकाळी साडेसहाला दवाखाना बंद होतो तेव्हा नाशिकला रात्रीचे बारा. हा "रोज तासभर" नेमका कुठला तास असणार आहे? आणि खरं सांगायचं तर नाशिकला गेल्यावर तुम्हाला डॉक्टरकीतून सुट्टी तशीही मिळणार नाहीये, मामांचे शुगरचे रिपोर्ट, शेजारच्या काकूंचा एक्स-रे, आत्याच्या जावेची थायरॉईडची गोळी, सगळे वाटच बघतायत, त्यात इंग्लंडचे रिझल्ट्स कशाला. तीन आठवडे तुमच्या नावावर येणारे रिझल्ट्स दुसऱ्या कुठल्या डॉक्टरच्या इनबॉक्समध्ये जाणार हे निघायच्या आधी ठरवून घ्या, बडी म्हणतात ना तुमच्याकडे, तो माणूस नावानिशी ठरला पाहिजे. "बघू आम्ही कोणीतरी" असं म्हणाले तर ते कोणीच बघत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आता लॅपटॉप परत करायचा का. अजिबात नको. परत केलात की काय होईल, तर तेच काम तुम्ही दवाखान्यात बसून रात्री आठपर्यंत कराल, मुलांचं जेवण चुकेल, क्लबवाले दंड लावतील, आणि सगळ्यांना वाटेल आता प्रश्न सुटला कारण किचनच्या टेबलावर काही दिसत नाही. साडेपाचला निघून मुलांबरोबर जेवायला मिळणं ही या यंत्राने तुम्हाला दिलेली खरी गोष्ट आहे, ती सोडू नका. आणि केअर होमच्या (वृद्धाश्रमाच्या) राउंडला, होम व्हिजिटला तर तो जरूर न्या. आधी डॉक्टर लोक कागदावर खरडून आणायचे आणि दवाखान्यात येऊन परत टाईप करायचे, एकाच कामाला दोनदा बसायचे. आजींच्या पलंगाशेजारी बसून तिथल्या तिथे नोट लिहिली, औषध बदललं, की रात्रीसाठी काही उरतच नाही. सिग्नल नसेल तिथे वैतागवाडी होते हे मान्य, पण जिथे चालतो तिथे तरी वापरा.

काम घरी न्यायची सवय काही लॅपटॉपने आणलेली नाही बरं का. त्या तपकिरी लॉइड जॉर्ज पाकिटांच्या जमान्यातही, म्हणजे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्यानंतर सुरू झालेली ती पेशंटच्या कागदांची पाकिटं, जीपी लोक गठ्ठे घरी न्यायचेच. पुढे कॉम्प्युटर आला तोही डॉक्टरांनीच आणला, ईएमआयएस हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये यॉर्कशायरमधल्या एग्टन नावाच्या खेड्यातल्या जीपींनी आपल्या प्रॅक्टिससाठी उभं केलं, कंपनीच्या नावातला पहिला ई त्या खेड्याचा. फरक इतकाच की पाकिटांचा गठ्ठा पिशवीत मावेल तेवढाच असायचा, वाचून झाला की संपला. लॅपटॉपमधला इनबॉक्स तुम्ही वाचत असतानाच मागून भरत असतो.

म्हणून "मी हळू आहे का" या प्रश्नाचं माझं उत्तर, बहुतेक नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर ऑनलाइन कन्सल्टेशनची विनंती सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा उघडी ठेवायची असं प्रॅक्टिसच्या एनएचएसबरोबरच्या काँट्रॅक्टमध्येच आलंय. बीएमए, म्हणजे तिथली डॉक्टरांची संघटना, सांगते दिवसाला २५ पेशंट्सच्या वर जाऊ नका, तुमचे किती होतात ते एकदा मोजा, त्यात फोन धरा, ऑनलाइनवाले धरा. हळू आहात की काम जास्त आहे ते त्या आकड्यावरून कळेल, रात्री अकराला दमलेल्या डोक्याने स्वतःला विचारून नाही.

आणि एक गणित मी केलं तुमच्यासाठी. पगारी जीपींसाठीच्या बीएमएच्या मॉडेल काँट्रॅक्टप्रमाणे एक सेशन म्हणजे ४ तास १० मिनिटं. सहा सेशन म्हणजे २५ तास. तुमच्या चार रात्रींचे आठ तास होतात, म्हणजे दोन सेशनला फक्त २० मिनिटं कमी. पगार सहाचा आणि काम जवळपास आठ सेशनचं, दर आठवड्याला, आणि हे कोणी तुम्हाला सांगितलेलंही नाही, तुम्ही आपणहून देताय. नवऱ्याला सवतीचा विनोद सुचतो ते ठीक आहे, पण तो आयटीतला असेल तर त्याला हे गणित दाखवा, ओव्हरटाईम काय असतो ते त्याला नक्की कळेल.

यावर कायदा पण आहे. वर्किंग टाईम रेग्युलेशन्स १९९८, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती. तुम्ही पगारी आहात त्यामुळे तुम्हाला तो लागू आहे. रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटून सकाळी आठला खुर्चीत बसलात की साडेआठ तास होतात. कायद्याने बोलायचं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही साडेदहाच्या आत पेशंट बघायलाच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी डॉक्टर म्हणून सांगतेय, बरीच वर्षं मीही तिथे जीपी होते. घरून काय करायचं आणि काय नाही हे किती वेळ लागतो यावरून ठरवू नका, ते उघडल्यावर कोणाला तरी फोन करावा लागू शकतो का यावरून ठरवा. हॉस्पिटलची लेटर्स, इन्शुरन्सचे रिपोर्ट, रेफरलची पत्रं, नेहमीची रिपीट प्रिस्क्रिप्शन्स हे घरून व्हायला हरकत नाही. रिझल्ट्स मात्र रात्री उघडायचे नाहीत.

का ते बघा. रात्री पावणेअकरा, तुम्ही उघडलंत, एका ७६ वर्षांच्या आजोबांचं पोटॅशियम ६.२, म्हणजे बरंच जास्त. थंडीचे दिवस आहेत, नमुना दवाखान्यातून लॅबला पोचेपर्यंत गारठला असेल तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं हे तुम्हाला माहितीय, म्हणजे खरं असेल किंवा नसेलही. पण आता तुम्ही बघितलंय. सिस्टीममध्ये वेळेसकट नोंद झालीय की २२.४५ ला डॉक्टरांनी हा रिझल्ट बघितला. आता काय करणार? रिसेप्शन नाही, नर्स नाही, ईसीजी नाही, आजोबा फोन उचलत नाहीत, १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन करून तुम्ही स्वतःच रांगेत. दिवसा हेच दहा मिनिटांचं काम असतं, रिसेप्शनिस्ट फोन लावते, आजोबा येतात, ईसीजी निघतो, रक्त परत घेतलं जातं किंवा सरळ हॉस्पिटलला पाठवता. आणि खरोखरच घाबरण्यासारखा आकडा असेल तर लॅबचा माणूस फोन करतो, ऑफिस अवर्सनंतर असेल तर आउट ऑफ अवर्सवाल्यांना, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना, कळवतो, ती व्यवस्था आहे आणि ती रात्री जागीच असते. तुम्ही एकट्या किचनमध्ये बसून तिच्यात काही भर घालत नाही, फक्त जबाबदारी अंगावर ओढून घेता जी निभावायला हाताशी काहीच नाही. तेव्हा रिझल्ट्स दवाखान्यात, पहिला पेशंट यायच्या आधी किंवा दुपारी, फोन चालू असताना आणि माणसं जागेवर असताना.

अजून एक. ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत इंग्लंडमधल्या प्रॅक्टिसेसनी पेशंट्सना पुढच्या नोंदी ऑनलाइन दिसतील असं करायचं होतं, म्हणजे तुम्ही रात्री अकराला रिझल्टवर "अपॉइंटमेंट घ्या" असं लिहून फाईल केलंत की ते एनएचएस अॅपवर पेशंटला दिसू शकतं. बिचारा झोपायच्या आधी फोन बघतो, त्याला दिसतं लिव्हर अबनॉर्मल, आणि रात्रभर तो गूगल करतो. सकाळी आठला तुमच्या रिसेप्शनवर पहिला फोन त्याचा.

मग प्रॅक्टिसशी काय बोलायचं. तक्रार म्हणून जाऊ नका, आकडे घेऊन जा. दोन आठवड्यांचं रेकॉर्ड काढायला सांगा मॅनेजरला, सिस्टीममध्ये कोण किती वाजता काय करत होतं त्याचा ऑडिट ट्रेल असतोच, तुमची लिहून ठेवलेली वही कोणी मानो न मानो, ऑडिट ट्रेलशी वाद घालता येत नाही. त्यावर मागणी करा जॉब प्लॅन, म्हणजे कुठल्या वेळी कुठलं काम याचं वेळापत्रक, परत लिहायची. तुमची प्रॅक्टिस जीएमएसवर, म्हणजे एनएचएसच्या नेहमीच्या राष्ट्रीय काँट्रॅक्टवर, असेल तर पगारी डॉक्टरांना मॉडेल काँट्रॅक्टपेक्षा वाईट अटी देता येत नाहीत आणि जॉब प्लॅन त्याचाच भाग आहे. मी तुमच्या जागी असते तर हे मागितलं असतं: सहा सेशनमध्येच अॅडमिनची वेळ लिहून द्या, त्यातला एक तुकडा, समजा गुरुवारची दुपार, मी घरून लॅपटॉपवर करेन, आणि तेवढ्या वेळात मावत नसेल तर एकतर पेशंटचे स्लॉट कमी करा नाहीतर सातव्या सेशनचा पगार द्या. घरून काम करणं त्यांच्याही सोयीचं आहे, दवाखान्यात खोल्या कमी असतात, तुमची खोली त्या दुपारी रजिस्ट्रारला (शिकाऊ जीपीला) मिळते. हे त्यांना आठवण करून द्या.

पार्टनरशिपचं म्हणाल तर, माझं मत थोडं कडक आहे. रात्रीचं फुकट काम बघून कोणी पार्टनर करत नाही, उलट इतकं स्वस्तात मिळणारं माणूस पगारीच राहिलेलं बरं असं वाटणारे लोक असतात. पार्टनर घेताना बघतात ते हे की या बाईला प्रॅक्टिसचे आकडे कळतात का, नको त्या ठिकाणी नको म्हणता येतं का. आणि पार्टनर झाल्यावर तर तासांचा काँट्रॅक्टच नसतो, तेव्हा रात्री लॅपटॉप मिटायची सवय आत्ताच लागलेली बरी.

किचनच्या टेबलाचं पटकन उरकते. मानेचं दुखणं पत्रात नव्हतं पण असणार. लॅपटॉपकडे खाली बघत दोन तास बसायचं नसतं, प्रॅक्टिसकडून वेगळा स्क्रीन, कीबोर्ड, स्टँड मागा. डिस्प्ले स्क्रीनचे १९९२ चे नियम घरून काम करणाऱ्यालाही लागू आहेत, बसण्याची तपासणी करून देणं मालकाचं काम आहे, आणि तुम्ही मागितलीत तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्चही त्यांचा. स्मार्टकार्ड, म्हणजे लॉगिनचं कार्ड, रीडरमध्ये ठेवून चहा टाकायला उठू नका, विंडोज आणि एल दाबायचं, कार्ड काढायचं, मग उठायचं. कार्ड लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवायचं नाही. बॅग रात्री गाडीत तर मुळीच नाही. घरी प्रिंट काढायची नाही, पेशंटचं नाव असलेला कागद मुलांच्या चित्रकलेच्या मागच्या बाजूला सापडला तर काय होईल विचार करा. आणि समजा चोरी झालीच तर त्याच क्षणी प्रॅक्टिसला कळवायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही, डिस्क एन्क्रिप्टेड असली तरी. माहिती बाहेर जायचा धोका असेल तर त्यांना ७२ तासांत इन्फर्मेशन कमिशनरकडे जायचं असतं आणि तो वेळ तुम्ही खाल्लेला नको. फोनवरचे पेशंट घरून घ्यायचे असतील तर दार लागणारी खोली हवी. कुकरची शिट्टी आणि मागे मराठी सीरियल चालू असताना कोणाला डिप्रेशनबद्दल विचारता येत नाही.

सासूबाई बघतात म्हणालात. काय बघतात ते विचारलंत का? मला वाटतं सूनबाई जेवण झाल्यावर दोन मिनिटं पण बसत नाही हे बघत असतील, किंवा खरंच स्क्रीनकडे बघत असतील, दोन्ही शक्य आहे. दुसरं असेल तर टेबल असं लावा की तुमच्या पाठीमागे भिंत येईल. तुमच्या गावातली मराठी मंडळी थोडी, गणपतीला भेटणारं एखादं कुटुंब तुमच्याच प्रॅक्टिसचं पेशंट असणार, आणि "अगं त्या कुलकर्ण्यांच्या सुनेला काही गुड न्यूज आहे का" हा प्रश्न प्रेमाने येतो पण उत्तर देता येत नाही, आणि कुतूहल म्हणून कोणाचं रेकॉर्ड उघडलं तर तेही ऑडिट ट्रेलमध्ये दिसतं.

सासूबाईंचं बीपी तुम्हीच घरी तपासताय आणि औषधही तुम्हीच बघताय असं पत्राच्या शेवटी ओझरतं आलंय. ते थांबवा. जीएमसीचं, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या कौन्सिलचं, म्हणणं स्पष्ट आहे, घरच्यांवर शक्यतो स्वतः उपचार करायचे नाहीत. इंग्लंडमध्ये जीपीला दाखवायला पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत, सहा महिने राहतायत तर जवळच्या दुसऱ्या एखाद्या प्रॅक्टिसमध्ये त्यांचं नाव घाला. पहिल्या अपॉइंटमेंटला त्यांच्याबरोबर सून म्हणून जा, भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं नावासकट न्या, इथली भारतातली ब्रँडची नावं तिकडच्या डॉक्टरला कळणार नाहीत.